गादीवरचं प्लास्टिक

मला कुठलीही वस्तू चटकन आपली म्हणता येत नाही. याचा दोष मी नोकरीवर ढकलतो. रबाळ्याच्या एका कारखान्यात पंचवीसेक वर्षं मी माल तपासतोय. बाहेरून आलेले रबरी वॉशर, रिंगा, पट्ट्या. बरा असला की पास करायचा, वाईट असला की परत पाठवायचा, आणि मन ठरत नसेल तर खोक्यावर पिवळी चिठ्ठी लावून बाजूला ठेवायचा. त्या चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत 'होल्ड' असं छापलेलं असतं. माझ्या कोपऱ्यात पिवळ्या चिठ्ठ्यांची खोकी जरा जास्तच साठतात, हे साहेब दर महिन्याला ऐकवतात.

घरीही तेच. टीव्हीचा रिमोट अजून कव्हरात आहे. गाडीच्या सीटवरचं प्लास्टिक तीन वर्षं होतं, उन्हाळ्यात मांड्या चिकटायच्या तरी होतं. मिक्सरपासून इस्त्रीपर्यंत सगळ्यांची रिकामी खोकी माळ्यावर रचलेली आहेत, न जाणो परत करायची वेळ आली तर. फ्रिजच्या दारावरची निळी फिल्म बायकोने एका दिवाळीत मी कामावर असताना ओरबाडून काढली, तेव्हा मी दोन दिवस तिच्याशी धड बोललो नव्हतो. "माणूस आहात की गोडाऊन?" असं तिने विचारलं होतं. त्याचं उत्तर मी अजून दिलेलं नाही.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे बाबांची गादी.

बाबा उरणकडच्या आमच्या खाडीकाठच्या गावात एकटेच राहायचे. आई जाऊन दहाएक वर्षं झाली. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी मिठागरावर काढली, आणि पायाला सवय अशी की ओल्या चिखलात कधी घसरले नाहीत. घसरले ते घरच्या मोरीत, नव्या बसवलेल्या गुळगुळीत लाद्यांवर. त्या लाद्या मीच पसंत केल्या होत्या. खुब्याचं हाड मोडलं. पनवेलला ऑपरेशन झालं, खुब्याचा गोळा बदलला आणि आम्ही त्यांना करंजाड्याला आमच्या फ्लॅटवर आणलं.

डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं. खाली बसायचं नाही, मांडी घालायची नाही, जमिनीवर झोपायचं तर नावच काढायचं नाही. खालून उठताना गोळा निसटला तर पुन्हा ऑपरेशन, आणि या वयात पुन्हा ऑपरेशन म्हणजे मग कायमचं अंथरूण. पलंग गुडघ्याच्या उंचीचा हवा, गादी पाठीला धरून ठेवणारी हवी. बाबा ऐकत होते. जन्मभर चटईवर गोधडी टाकून झोपलेला माणूस, त्यांनी फक्त मान हलवली.

गादी निवडायची जबाबदारी माझी. मी ती फार मनावर घेतली, म्हणजे घरातल्या सगळ्यांची झोप उडवली. कंपनीच्या बसमध्ये जाता-येता मोबाईलवर लोकांनी लिहिलेले अनुभव वाचायचे. एक म्हणतो स्वर्ग, दुसरा त्याच गादीला म्हणतो पाठीचा सत्यानाश. फोमची मऊ पडते आणि तापते. काथ्याची थंड राहते, पण काही वर्षांनी मधोमध बसते. स्प्रिंगची उसळते, म्हाताऱ्या माणसाने कडेला बसलं की कडाच खाली दबते. लेटेक्सची चांगली, पण उचलायला दोन माणसं लागतात. रविवारी पनवेल, पुढच्या रविवारी वाशी, मधल्या एका सुट्टीला तुर्भे. हातात मोजपट्टी. दुकानात लोक गादी बघतात म्हणजे काय करतात, तर पीठ मळल्यासारखी मूठ दाबतात आणि पुढे सरकतात. मी चपला काढून सरळ आडवा व्हायचो. कुशीवर, मग दुसऱ्या कुशीवर, मग कडेला पाय सोडून बसायचो आणि हात न टेकता उठून बघायचो. एका दुकानात मी इतका वेळ पडून राहिलो की विक्रेत्याने बायकोला हळूच विचारलं, "वहिनी, यांना बरं नाही का?"

शेवटी एका दुकानात मला हवं ते ऐकायला मिळालं. तिथला मधल्या वयाचा, घोटून दाढी केलेला माणूस म्हणाला, "सर, टेन्शनच घेऊ नका. तीस दिवस वापरा, नाही जमली तर बदलून देऊ. दोनदा बदलू. फक्त डाग नको."

माझा जीव भांड्यात पडला. परत करता येईल अशी गादी! त्या दिवशी मला किती हलकं वाटलं ते सांगता येत नाही. गादी घरी आली ती जाड पारदर्शक प्लास्टिकमध्ये. मी ते काढू दिलं नाही. डाग नको म्हणाला होता ना तो. प्लास्टिकवरच चादर घातली, चारी बाजूंनी घट्ट खोचली. बायको म्हणाली, "अहो, आवाज येतोय." मी म्हणालो, "महिन्याभराचा प्रश्न आहे." बाबांनी हात फिरवून बघितला, चुर्र असा आवाज आला, आणि त्यांनी हात मागे घेतला.

बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. ती साडेदहाला निघते, सव्वापाचला येते. मी सकाळी सातला बाहेर. म्हणजे साडेदहा ते सव्वापाच बाबा एकटे. जेवण डब्यात टेबलावर, पाण्याचा तांब्या उशाशी, फोन हाताशी, वॉकर पलंगाला टेकून. आम्हाला ही व्यवस्था चोख वाटायची.

पाचव्या की सहाव्या दिवशी बायको शाळेतून आली तर बाबा जमिनीवर. चटई अंथरून, उताणे, शांत झोपलेले. तिला वाटलं पडले. ती ओरडली, ते जागे झाले, आणि तिलाच म्हणाले, "घाबरू नको, मी निजलोय." ती आणि शेजारीण, दोघींनी मिळून त्यांना वर घेतलं. संध्याकाळी मी विचारलं तर म्हणाले, "गरम झालं रं."

झालं. मला कारण मिळालं. फोम तापतो, सगळे लिहितातच. रात्री मात्र ते गादीवर व्यवस्थित झोपायचे, एकदाही उतरले नाहीत. पण मी ठरवलं की रात्री हवा असते, दुपारी नसते. दुकानात फोन केला. गादी परत गेली, एकही डाग नाही. मी प्लास्टिकवरून हात फिरवून त्या दुकानातल्या माणसाला दाखवलं, जणू माझाच माल पास होत होता.

दुसरी काथ्याची. कडक, थंड. प्लास्टिक तसंच. तीन दिवस बरे गेले, चौथ्या दिवशी बाबा पुन्हा चटईवर. या वेळी म्हणाले, "पाठीला लागतं." मी म्हणालो, रात्री नाही लागत? त्यावर ते खिडकीबाहेर बघायला लागले. आमच्या खिडकीतून आता विमानतळाकडची विमानं उतरताना दिसतात. ती दिसली की बाबांना आम्ही विचारलेलं काही ऐकू येत नाही.

माझी मात्र झोप गेली. कामावर एका हातात माप तपासायचं गेज आणि दुसऱ्या हातात फोन. अकराला फोन, साडेबाराला फोन, दोनला फोन. "बाबा, वर हायस ना?" "हाय." आमच्याकडे बापाला तू म्हणतात, लिहिताना तेवढं त्याचं 'ते' होतं. "खाली नाय ना उतरलास?" "नाय रं." आवाजावरून काय कळणार? मी डोळ्यांसमोर आणायचो, ते वॉकर धरून, मग खुर्ची धरून, मग पलंगाची कड धरून खाली खाली जातायत, आणि पुन्हा नंबर लावायचो. त्या आठवड्यात मी रिंगांचा एक अख्खा चुकीचा माल पास केला. पंचवीस वर्षांत असं झालं नव्हतं.

फिजिओवाल्या मॅडम आठवड्यातून दोनदा यायच्या. त्यांनी बाबांचे कोपर बघितले. दोन्ही कोपरांना खरचटलं होतं, जुन्यावर नवं. "आजोबा रोज खाली उतरतायत," त्या म्हणाल्या. "रोज. एक दिवस हात सुटला तर संपलं. मग मी येऊन काही उपयोग नाही." त्या गेल्यावर बायको आणि मी एकमेकांवर खेकसलो. ती म्हणाली, तुम्ही गाद्याच बदलत बसा. मी म्हणालो, मग तू सांग काय करू. तिला तरी काय माहीत असणार? ती एवढंच म्हणाली की बाबांना निदान खोकल्याची तरी काळजी आहे, रोज दुपारी बाल्कनीतल्या कुंडीतलं तुळशीचं एक पान तोडून पाण्यात टाकतात. रोपाचं एकेक पान कमी होताना तिला दिसत होतं. मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. खोकला ही माझी बाब नव्हती.

तिसरी गादी आली. थरांची, खाली कडक, वर जरा लवचीक, दुकानातली सगळ्यात भारी. आता पुढे बदलून मिळणार नव्हती, फक्त पैसे परत. मी प्लास्टिक आणखीच जपलं. चादरीखाली एक जुनी बेडशीट घातली, म्हणजे प्लास्टिकला ओरखडा नको. आता लिहिताना मला माझीच कमाल वाटते. गादीला डाग नको म्हणून प्लास्टिक, आणि प्लास्टिकला ओरखडा नको म्हणून बेडशीट. त्या सगळ्याच्या वर माझा बाप.

आठ दिवसांनी, एका बुधवारी, मी कोणाला न सांगता अर्ध्या दिवसाची रजा टाकली. कारखान्यात माल सारखा बिघडायला लागला की आम्ही मशीनसमोर जाऊन उभे राहतो आणि नुसतं बघतो. तेच करायचं ठरवलं. दीडच्या सुमाराला किल्लीने दार उघडलं, चपला बाहेरच काढल्या.

पलंगावरची चादर ताठ होती, एक सुरकुती नाही. बाबा खाली चटईवर उताणे. धुतलेलं धोतर, अंगात स्वच्छ बंडी, हात छातीवर जोडल्यासारखे. उशाशी तांब्या आणि तांब्यात तुळशीचं पान. पंखा चालू होता. डोळे उघडे होते आणि छताकडे लागलेले. मी दारातच थांबलो. मग त्यांच्या पापण्या हलल्या आणि माझी भीती गेली, तिच्या जागी राग आला.

"कशाला झोपलास खाली? किती गाद्या बदलू तुझ्यासाठी? मरायचं हाय का तुला?"

हे मी बोललो. बापाला बोललो.

बाबा दचकले नाहीत. म्हणाले, "गादी बरी हाय."

"मंग?"

"पयली पन बरी होती."

"मंग खाली कशाला?"

त्यांचा चोरी पकडल्यासारखा चेहरा झाला होता. मग म्हणाले, "तुमी दोघा कामाला जाता. घरान कोनी नसतं. मना काय झालं त उतरवील कोन?"

मी तिथेच, त्यांच्याजवळ, लादीवर बसलो. आमच्याकडे माणूस शेवटाला आला की त्याला खाटेवरून खाली घेतात. खाटेवर जीव जाऊ देत नाहीत. जमिनीवर घ्यायचं, तोंडात तुळशीचं पान आणि पाणी घालायचं. आईला खाली घेताना तिच्या खांद्यांखाली माझेच हात होते. आणि हे मला माहीत असून, महिनाभर, मला आठवलं नाही. मी गादीचा ताप मोजत होतो, आणि बाबा रोज साडेदहाला दार बंद झालं की स्वतःला खाली घेत होते. बायको यायच्या आधी कोपरं टेकत पुन्हा वर चढायचे, झोप लागली तेवढेच दिवस सापडले; संध्याकाळी कोणी घरी आलं, की त्यांच्या लेखी तो दिवस टळायचा.

"रातचं तुमी आसता," ते समजावल्यासारखं म्हणाले. "तवा वर झोपतो का नाय मी?"

मी लादीकडे बघत बसलो. त्यांना वाटलं मी अजून रागातच आहे. म्हणून त्यांनी दुसरं कारण सांगितलं, मला बरं वाटावं म्हणून.

"न् गादी एवढी भारी. तीवर जीव गेला त फेकाया लागंल. तू त तिचा प्लास्टिक पन नाय काढला. मी बोललो, बरा केला पोऱ्याने. मी गेलो का परत देता येईल त्याला."

टोमणा नव्हता तो. कौतुक होतं. बाप आपल्या मुलाच्या शहाणपणाचं कौतुक करत होता.

आई गेली तेव्हा तिची आजारपणातली गादी मीच खाडीच्या बांधावर नेऊन टाकली होती. निळ्या पट्ट्यांची, कापसाची. पुढे कितीतरी दिवस गावाला जाता-येता ती रस्त्यावरून दिसायची, भिजून काळी पडलेली, पण पट्टे ओळखू येणारे. मी दुसरीकडे बघायचो. बाबा तर रोज त्याच वाटेने जायचे. त्यांनी काय बघितलं असेल, हे मी कधी विचारलं नव्हतं. त्या दुपारी मला माझी फार लाज वाटली, आणि ती कशाने भरून येईल हे कळेना.

मी त्यांना काखेत हात घालून उचललं, खुर्चीत बसवलं. मग स्वयंपाकघरातून सुरी आणली. चादर काढली, बेडशीट काढली आणि प्लास्टिकला सुरी लावली.

"आरं, आरं! परत द्यायची हाय ना!"

"नाय द्यायची."

जाड प्लास्टिक ते, एका दमात फाटत नव्हतं. मी ओढत होतो, घाम येत होता, खोलीभर कर्कश आवाज चालला होता. पंचवीस वर्षांतली सगळी कव्हरं मी त्या दुपारी एकदम फाडत होतो बहुतेक. खालून गादीचं कापड निघालं, पांढरं, विणीवर बारीक फुलं असलेलं. आम्ही दोघांनीही ते पहिल्यांदाच बघितलं.

"आता फेकाया लागंल," बाबा हळहळले.

"फेकनार नाय. तुझ्या माघारी मी झोपनार हिच्यावर."

"तसल्या गादीवर कोन झोपतं का?"

"मी झोपनार."

"लोकं काय बोलतील?"

"लोकांना कोन बोलवतंय हितं झोपाया?"

त्यांना हसू आलं, पण त्यांनी ते दाबलं. मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, खरा प्रश्न विचारला. "न् उतरवायचा?"

नोकरी सोडून घरी बसतो असं सांगितलं असतं तर तेही हसले असते. खोटं बोलावंसं वाटलं नाही. म्हटलं, "आमी आसलो त उतरवू. नसलो त नाय. तू वरच ऱ्हा. मना चालंल."

"मना चालंल" हे मी बापाच्या तोंडावर म्हणालो. आमच्या घरात कोणी कधी असं बोललेलं नाही. असल्या गोष्टी आपण ठरवायच्या नसतात, त्या आधीच ठरलेल्या असतात. बाबा गादीच्या पांढऱ्या कापडाकडे बघत राहिले. पंख्याखाली फाटलेलं प्लास्टिक हलत होतं. मी विचार करत होतो की आता ते नाही म्हणणार, आणि उद्यापासून मी पुन्हा अकराला, साडेबाराला, दोनला फोन करणार.

ते म्हणाले, "तुझ्यासाठी घ्यायची त कडक कशाला घेतली? तुला मऊ लागतं."

"तुझ्या पाठीसाठी घेतली ना."

"मी काय किती दिस झोपनार? निज बघू तीवर."

मी ऐकलं. सुरी टेबलावर ठेवली आणि नुसत्या गादीवर, चादर न घालता, आडवा झालो. किती दुकानांतून किती गाद्यांवर मी असा पडलो होतो, पण घरातल्या गादीवर पहिल्यांदाच. बाबा खुर्चीत पुढे वाकून बघत होते, मी रिंगा बघतो तसे.

"कुशीवर हो."

झालो.

"त्या कुशीवर."

झालो.

"पाठीला लागतं का?"

"नाय."

"गरम होतं?"

"नाय."

"नीट सांग. पास का फेल?"

माझ्या नोकरीबद्दल त्यांनी आयुष्यात कधी काही विचारलं नव्हतं. आपला पोरगा कारखान्यात काय करतो हे त्यांना नक्की माहीत आहे की नाही, असंही मला वाटायचं. मी छताकडे बघितलं. खालून ते जे बघत होते तेच छत, फक्त गुडघाभर जवळ.

"पास," मी म्हणालो.

बाबांनी वॉकर ओढला, दोन्ही हातांनी धरला आणि हळूहळू उभे राहिले.

"मंग सरक तिकरं," ते म्हणाले.

मी भिंतीकडे सरकलो.